झोपेचा तास

प्रिय बयो,

तुझ्या छोटीबरोबर पाठवलेली उशी मिळाली असेल. मधोमध भोक असलेली ती उशी बघून तू आधी हसली असशील आणि मग हे धूड ठेवायचं कुठे म्हणून घरभर हिंडली असशील. ती डोक्याखाली घ्यायची नसते. टेबलावर ठेवायची, भोकात तोंड घालायचं, हात खालच्या खोबणीत सरकवायचे आणि खुशाल झोपायचं. चीनमधल्या त्या शाळेत प्रत्येक बाकाच्या कप्प्यात अशी एक उशी होती. पर्यवेक्षिकेच्या केबिनमधलं टेबल चांगलं रुंद आहे, तिथे ती छान बसेल. ते टेबल मला पाठ आहे, कारण सेवाज्येष्ठतेने ते माझं व्हायचं होतं. आपण दोघी एकदा मधल्या सुट्टीत त्या रिकाम्या केबिनमध्ये जाऊन खिडकीत कुंडी कुठे ठेवायची तेसुद्धा ठरवून आलो होतो. कुंडी तू ठेवलीस. ठरली होती तिथेच ठेवलीस, मी येता-जाता बघते.

परतून आठवडा झाला. तू दोनदा फोन केलास आणि मी घसा बसल्याचा निरोप छोटीकडे दिला. घसा ठणठणीत आहे. पण फोनवर तू मला मध्येच तोडतेस, अगं ते राहू दे, मुख्य काय ते सांग, म्हणतेस. या वेळी मला मुख्य गोष्टीपाशी माझ्या चालीने यायचं आहे, म्हणून लिहायला बसले. तुला माहीत असलेल्या गोष्टीही मध्ये मध्ये येतील. त्या मला पुन्हा सांगायच्या आहेत.

चीनच्या सहलीला माझं नाव तूच सुचवलंस. पर्यवेक्षिका झाल्यावर तुझं ते पहिलं मोठं काम. हेडसर म्हणाले, बाईंकडे आता दहावीचे तास नाहीत, त्यांना वेळच वेळ आहे. आणि तू जिन्यात माझा हात हातात घेऊन म्हणालीस, जा गं, बदल होईल तुला, शिवाय माझी छोटी तुझ्याबरोबर असली की मी निर्धास्त. मी गेले. बरोबर पीटीचे सर आणि नववीची पोरं. विमान उडायच्या आधीच मागच्या रांगेतून कुजबुज ऐकू आली, की झोपाळू बाईंना डोळा लागला तर आपल्याला तिथे उठवणार कोण. मी मागे वळले नाही. वर्षभर हे नाव ऐकते आहे. फळ्यावर कुणीतरी खडूने उशी काढून ठेवतं, मी ती पुसते आणि समीकरण लिहायला घेते. इतकी वर्षं आपल्या शाळेत मी कडक बाई म्हणून ओळखली जात होते. पोरं मला घाबरायची, ते मला आवडायचं. ते सगळं एका फोटोत गेलं.

तिथली गंमत सांगते आधी. तुला वाटतं मी सगळीकडे तक्रारच करत हिंडले असेन, पण पहिले दोन दिवस मी तोंडात बोटं घालून नुसती बघत होते. व्हरांड्यातला नळ सोडला तर वाफाळतं पाणी. थंड पाणी मागितलं की लोक आजारी माणसाकडे बघावं तसे बघायचे. आपली पोरं बाटल्या भरून त्या खिडकीत निवत ठेवायची आणि पीटीचे सर त्यांवर पहारा करायचे. रस्त्यावर स्कूटर आवाज न करता पाठीशी येऊन उभ्या राहायच्या. दुकानात सुटे पैसे नावाची वस्तूच नव्हती, भाजीवालीसुद्धा फोन पुढे करायची. आणि हिशेब एका हाताच्या बोटांवर. सहासाठी अंगठा आणि करंगळी, आठसाठी अंगठा आणि तर्जनी. मी आयुष्यभर पोरांची बोटांवर मोजायची सवय सोडवली आणि इथे एक आजीबाई एकाच हाताने मला गणितात गप्प करत होत्या. वर्गात तर तास चालू असताना मध्येच लाउडस्पीकरवर संगीत लागलं आणि सगळ्या मुलांनी डोळे मिटून भुवयांपाशी बोटं दाबायला सुरुवात केली. डोळ्यांचा व्यायाम होता तो. आपल्या पोरांना वाटलं प्रार्थना, ती हात जोडून उभी राहिली. पीटीचे सर सावधानमध्ये.

एकच गोष्ट मला सोसली नाही. लोक आमचे फोटो काढायचे. बागेत, फुटपाथवर, बसच्या थांब्यावर. कुणी खुणेने विचारायचं, कुणी लांबूनच फोन वर धरायचं. पोरी खूश, पीटीचे सर तर छाती फुगवून उभे. मी मात्र बॅग तोंडासमोर धरायचे, आणि छोटी मला चिडवायची, मावशी तू काय सिनेमातली आहेस का म्हणून.

तर तो पहिल्या दुपारचा प्रसंग. जेवणं झाली आणि बघता बघता एवढी मोठी शाळा चिडीचूप झाली. मैदान रिकामं, जिने रिकामे, व्हरांड्यात कुणी नाही. आपली पोरं तिथल्या मुलांबरोबर जोडीजोडीने बसवली होती, ती कुठे गेली म्हणून मी शोधत निघाले. एका वर्गाचं दार ढकललं. दिवे बंद, पडदे ओढलेले, आणि चाळीसेक डोकी बाकांवर पालथी. त्यात आपलीही, एक डोळा किलकिला ठेवून. बयो, मला काय झालं मला सांगता येणार नाही. मी विचार केलाच नाही. सरळ टेबलाशी गेले, डस्टर उचलला आणि जोरात आपटला, आणि उठा, काय चाललंय हे, असं ओरडले. आपल्या भाषेत. सगळा वर्ग ताडकन उभा राहिला. कुणाच्या गालावर उशीच्या वळ्या, कुणाच्या हनुवटीवर लाळ. झोपेतच त्यांनी एका सुरात मला नमस्कार घातला. पुढच्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली. आणि मागून आपल्यातलं कुणीतरी फिसकन हसलं.

त्यांच्या गणिताच्या बाई धावत आल्या. पायात नुसते मोजे, खांद्यावर पांघरूण, केस एका बाजूला चपटे. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मुलांना हाताने खाली बसायची खूण केली. पंखा बंद केल्यावर पाती हळूहळू थांबतात, तशी सगळी डोकी पुन्हा खाली गेली. बाहेर आल्यावर त्यांनी फोनमध्ये काहीतरी बोलून तो माझ्यापुढे धरला. त्यावर मराठीत लिहून आलं होतं, आग लागली आहे का. मी फोनमध्ये सांगितलं, मुलं झोपली होती. त्यांनी वाचलं, मान डोलावली आणि पुढचं ऐकायला थांबल्या. मी म्हटलं, आमच्या शाळेत झोपणाऱ्याला शिक्षा होते. ते त्यांनी दोनदा वाचलं आणि यंत्र बिघडलं असेल म्हणून फोन हलवून बघितला.

मग त्या मला त्यांच्या शिक्षकखोलीत घेऊन गेल्या. टेबलांच्या मधल्या जागेत घडीच्या खाटा उघडलेल्या, प्रत्येकीवर एक शिक्षक किंवा शिक्षिका झोपलेली, चपला खाली ओळीत. त्यांच्या मुख्याध्यापिकासुद्धा डोळ्यांवर काळी पट्टी बांधून निवांत पडल्या होत्या. भिंतीवर वेळापत्रक होतं, त्यात जेवणानंतरच्या रकान्यात झोपेचा तास. छापलेला. बाईंनी मला त्यांची खाट दिली आणि स्वतः दोन खुर्च्या जोडून आडव्या झाल्या. मी पडले, पण झोप कुठली. मी हात आडवा धरून तोंड झाकून घेतलं. ज्या गोष्टीसाठी माझी अब्रू गेली ती गोष्ट ही माणसं रोज, वेळापत्रकात घालून, चपला काढून करत होती, आणि मला कुणीतरी आपला फोटो काढेल या धास्तीने डोळा मिटवत नव्हता.

तिथे पडल्या पडल्या मी तो गेल्या वर्षीचा दिवस पुन्हा पहिल्यापासून बघितला. मधली सुट्टी. शिक्षकखोलीतलं लांब टेबल, भिंतीकडची माझी खुर्ची आणि डाव्या हाताला तुझी. सकाळी तूच मला चहा आणून दिला होतास आणि म्हणाली होतीस, डोळे बघ कसे लाल झालेत, दोन मिनिटं टेक. मी टेकले. घंटा झाली ती मला ऐकू आली नाही. दहावीचा बीजगणिताचा तास. वर्गात बाई नाहीत म्हटल्यावर पोरांनी बाकं वाजवली, हेडसर आले, आणि मला जाग आली ती त्यांच्या आवाजाने. तोवर तू तुझ्या तासाला गेली होतीस. दोन दिवसांनी मला बोलावलं तेव्हा टेबलावर फोटो ठेवला होता. माझं तोंड थोडं उघडं, हात गालाखाली, आणि वर भिंतीवरचं घड्याळ. घंटा होऊन किती वेळ झाला ते कुणालाही मोजता येईल असं. संस्थेचे अध्यक्ष होते, आणि ज्येष्ठ सहकारी म्हणून तुलाही बसवलं होतं. अध्यक्षांनी विचारलं, बाई, काही कारण आहे का. मी तुझ्याकडे बघितलं. तू पेपरवेट बघत होतीस. त्यातलं ते निळं फूल तू इतका वेळ बघितलंस, की शेवटी मीच नाही म्हटलं. दहावी गेली, आणि महिन्याभराने केबिन तुला मिळाली.

कारण होतं की. तुला माहीत आहे, पण लिहिते. काकू, म्हणजे तुझी आई, न्हाणीघरात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं आणि दवाखान्यात उशाशी माणूस लागायचं. तुझे यजमान बाहेरगावी, छोटीची परीक्षा. आपण ठरवलं, एक रात्र तू, एक रात्र मी. पहिल्याच आठवड्यात तुझं डोकं चढलं, मग छोटीला ताप आला, मग तुझं ते प्रशिक्षण निघालं. तुझ्या पाळ्या माझ्याकडे कधी आल्या ते मलाही कळलं नाही, आणि खरं सांगते, मला त्याचं काही वाटलंही नाही. काकूंनी मला शाळेत असल्यापासून जेवू घातलंय. माझी आई गेली तेव्हा माझे केस त्यांनी विंचरले. त्यांना कूस बदलता यायची नाही, मग मी हात घालायचे; दुखलं की त्या माझं मनगट घट्ट धरायच्या आणि सकाळी त्याची खूण बघून त्यांनाच रडू यायचं. त्या झोपल्या की मी स्टुलावर बसून दहावीच्या वह्या तपासायचे. तिथून तशीच शाळेत यायचे. हे अध्यक्षांपुढे मी कसं सांगणार. तसं सांगणं म्हणजे काकूंवर केलेले उपकार मोजून दाखवणं झालं असतं. ते तू सांगायला हवं होतंस. दोन वाक्यांचं काम होतं. तू मूग गिळून बसलीस.

तरी मी ते पोटात घातलं. घाबरली असेल, म्हटलं. तिला वाटलं असेल, आपलीही खुर्ची जाईल. फोटो कुणी काढला असेल यावर मी डोकं फोडत होते तेव्हा तूच माझ्या कानाशी लागून म्हणालीस, शिपाईमामांनी काढला असेल, त्यांच्याकडे नवा फोन आहे आणि हेडसरांकडे त्यांची सारखी ये-जा असते. शिपाईमामांशी मी वर्षभर धड बोलले नाही. ते पाण्याचा तांब्या आणून ठेवायचे तो मी तसाच ठेवायचे. तू ते रोज बघत होतीस.

आता चौथा दिवस. तोवर मी जरा सैलावले होते. छोटीचं सकाळपासून डोकं दुखत होतं म्हणून मी तिला वर्गात न ठेवता शिक्षकखोलीत आणलं आणि शेजारच्या खाटेवर निजवलं. तिच्या कपाळावर हात ठेवून बसले होते, आणि तशीच कधी कलंडले कळलं नाही. बयो, मी झोपले. वर्षभरात दुपारी पहिल्यांदा, आणि इतकी गाढ की घंटासुद्धा ऐकली नाही. जाग आली तर छोटी खाटेवर मांडी घालून बसलेली, माझ्याकडे बघून हसत. म्हणाली, मावशी, तू अगदी तश्शीच झोपतेस, आईच्या फोनमधल्या फोटोसारखी, गालाखाली हात घेऊन.

मी उठून बसले. पांघरुणाची घडी घालत सहज विचारल्यासारखं विचारलं, कुठला गं फोटो. पोरगी बिचारी सांगत गेली. आजीच्या वाढदिवसाला मोठा कागद करून त्यावर फोटो चिकटवायचे होते, म्हणून ती तुझ्या फोनमध्ये दवाखान्यातले फोटो शोधत होती. तिथेच मी सापडले. एक नाही, तीन. पहिला हललेला. दुसऱ्यात मी नीट आलेय, पण घड्याळ अर्धं कापलं गेलंय. तिसऱ्यात घड्याळ पूर्ण आलंय. छोटीला तिसरा आवडला, कारण त्यात माझं तोंड उघडं आहे. तिने तो कागदावर लावायचा म्हटलं, तर तू फोन ओढून घेतलास आणि मावशीला आवडणार नाही म्हणालीस. केवढी काळजी.

शेजारी झोपलेल्या बाईला कोपराने ढोसायला किती वेळ लागतो, तूच सांग. एक फोटो काढायलाही त्याहून जास्त वेळ लागतो, आणि तू तीन काढलेस. पहिला हलला म्हणजे तुझा हात थरथरला असेल, एवढी माया मी तुझ्या खात्यावर मांडायला तयार आहे. पण मग तू दुसरा काढलास. तो बघितलास. घड्याळ नीट आलं नाही हे तुझ्या लक्षात आलं, आणि खुर्ची जरा मागे सरकवून तू तिसरा काढलास. तुझ्या आईच्या उशाशी जागून आलेल्या बाईचा. मग फोन पर्समध्ये टाकून, खुर्चीचा आवाज होणार नाही असं उठून तू तुझ्या तासाला गेलीस. नंतर त्याच तोंडाने मला म्हणालीस, मला उठवायला हवं होतं गं, पण मला वाटलं तुझा ऑफ तास आहे.

मला तुझा राग आला असं लिहिलं तर ते फार कमी होईल. त्या खोलीत, ती सगळी भली माणसं खाटा मिटत असताना, मला तुझा गळा धरावासा वाटला. लेकराच्या समोर मी हसले, तिला गरम पाणी पाजलं, तिची वेणी घातली. आणि त्या दिवसापासून सहल संपेपर्यंत मी एकच उदाहरण सोडवत होते, की तुला लागेल कुठे. संग्रहालयं बघितली, नावेतून फिरले, पीटीच्या सरांचे विनोद ऐकले, पण डोक्यात तेवढंच. हेडसरांना सांगून काय होणार. ते म्हणतील, त्यांनी शाळेच्या शिस्तीचंच काम केलं. अध्यक्षांना सांगितलं तर ते चौकशी नेमतील आणि तू पुन्हा पेपरवेट बघत बसशील. शिक्षकखोलीत तुझा पाणउतारा करावा, तर तू इतकं छान रडतेस की संध्याकाळपर्यंत सगळे तुझ्या बाजूने. केबिन मला आता नकोच आहे. तुझी कुंडी तिथे आहे. हातात काहीच लागेना, आणि परत आले तेव्हा माझी झोप पुन्हा उडाली होती. तिथून आल्यावर केलेलं एकच बरं काम म्हणजे शिपाईमामांकडे जाऊन त्यांच्या शेजारी बाकावर बसून चहा प्याले. त्यांनी बिस्किटाचा पुडा पुढे केला.

उत्तर परवा आपोआप चालत आलं, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं हे विचारायला मी काकूंना फोन केला होता, दुसरं काही मनात नव्हतं. बोलता बोलता त्या हळव्या झाल्या आणि म्हणाल्या, माझ्या दुखण्यापायी तू फार दमलीस गं, त्यामुळेच ती मोठी जागा नको म्हणालीस ना, हिने सांगितलं मला, ते माझ्या जिवाला लागून राहिलंय. म्हणजे तू त्यांना हे सांगितलंस. वर्षभर ती म्हातारी माझं नुकसान स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसली आहे आणि तू तिला बसू दिलंस. मी म्हटलं, काकू, चीनचं मोठं पत्र लिहून पाठवते तुमच्या नावाने. त्या म्हणाल्या, मला अजून अक्षर लागत नाही, पण ही चहा झाला की वाचून दाखवते सगळं. मी म्हटलं, मग तिच्याकडूनच वाचून घ्या, तिच्याच नावाने लिहीन, पण पाकीट तुम्ही तुमच्यासमोर फोडायला लावा आणि मोठ्याने वाचायला सांगा. पानांवर आकडे घातलेत, किती आहेत ते त्यांना सांगून ठेवलंय. छोटीला मी आज चहाच्या वेळेला माझ्याकडे बोलावलंय, भूमितीसाठी. पोरीसमोर आईची लाज काढायची नाही एवढं माझ्यात शिल्लक आहे; आणि तिने नकळत सांगितलेल्या गोष्टीवरून तिला एक शब्द बोललीस तर माझ्याशी गाठ आहे. काकू, तुमच्या उशाशी बसणं मला एक रात्रही जड गेलं नाही, आणि ती जागा मी कधीच नको म्हटली नव्हती. तुम्हाला हे ऐकून किती लागणार आहे ते मला माहीत आहे, तरी मी लिहिलं, कारण जगात तुमच्या लेकीला तुमच्याएवढं दुसऱ्या कुणापुढे खाली बघावं लागत नाही. बयो, तुझा आवाज मघाशीच कुठेतरी थांबला असेल आणि तू आता मनातल्या मनात वाचत असशील. हरकत नाही, थांबलीस तिथेच काकूंना कळलं. आता कागद खाली ठेव आणि आईकडे बघ.

तुझीच,
उजव्या हाताच्या खुर्चीवरची